चरबी वाढली आणि इन्शुलिन कामाला लागलं

पायोग्लिटाझोन नावाची मधुमेहाची एक गोळी आहे. ती काही महिने घेतली की बऱ्याच रुग्णांच्या शरीरात दोन बदल होतात, आणि ते दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी व्हावेत हे ऐकताना खरं वाटत नाही. एक म्हणजे वजन दोन-तीन किलो वाढतं. त्यातलं थोडं पाणी असतं, पण उरलेली खरीखुरी चरबी असते. दुसरं म्हणजे त्याच काळात त्या माणसाचं स्वतःचं इन्शुलिन पूर्वीपेक्षा कितीतरी चांगलं काम करू लागतं. रक्तातली साखर उतरते आणि रक्तातलं इन्शुलिनही उतरतं. थोडक्या इन्शुलिनमध्ये जास्त काम होतं.

चरबी वाढली की मधुमेह जवळ येतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, आणि ते चुकीचंही नाही. मग चरबी वाढवणारं औषध मधुमेह कसा आवरतं? शरीरशास्त्रातल्या सर्वात देखण्या उत्तरांपैकी एक या प्रश्नाचं आहे असं मला वाटतं. ते जुळून यायला अर्ध्या शतकाहून जास्त काळ लागला. साखरेचा आजार म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्या टाइप २ मधुमेहाची सुरुवात फार वेळा साखरेत नसून चरबीत असते. त्यातही चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे यावर सगळं ठरतं.

जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. मरणाच्या दारातली मुलं उठून खेळू लागली, आणि मधुमेह म्हणजे इन्शुलिनचा अभाव हे समीकरण साऱ्या जगाच्या डोक्यात पक्कं बसलं. ते पहिल्यांदा हलवलं लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी. त्यांनी रुग्णांना एकाच वेळी ग्लुकोज पाजलं आणि शिरेतून इन्शुलिन दिलं. काहींची साखर इन्शुलिनने दाबून ठेवली, वर जाऊच दिली नाही. काहींच्या शरीरावर मात्र तेवढ्याच इन्शुलिनचा जेमतेम परिणाम झाला, साखर चढतच गेली. मधुमेहाचे दोन प्रकार आहेत, एकात इन्शुलिन कमी पडतं आणि दुसऱ्यात शरीर त्याला दाद देत नाही, असं हिम्सवर्थ यांनी १९३६ साली लिहिलं. पण रक्तातलं इन्शुलिन मोजायची सोयच तेव्हा नव्हती. ती केली न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी. १९६०मध्ये त्यांनी किरणोत्सर्गी खुणेच्या मदतीने रक्तातलं इन्शुलिन मोजून दाखवलं, आणि प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात ते कमी नाही, उलट भरपूर आहे, हे उघड झालं. यॅलो यांना १९७७ साली नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते.

इन्शुलिन भरपूर असूनही काम होत नसेल, तर अडतं कुठे?

याचा माग काढायला एक फार सुंदर चाचणी तयार झाली. तिला क्लॅम्प म्हणतात. राल्फ डीफ्रोन्झो, जॉर्डन टोबिन आणि रूबिन अँड्रेस यांनी १९७९मध्ये ती नीट मांडून दाखवली. एका शिरेतून इन्शुलिन ठरावीक वेगाने सोडत राहायचं. त्याने साखर उतरू लागली की दुसऱ्या शिरेतून ग्लुकोज सोडून ती होती तिथेच धरून ठेवायची. साखर स्थिर ठेवायला जितकं जास्त ग्लुकोज द्यावं लागतं, तितकं ते शरीर इन्शुलिनला जास्त संवेदनशील. एवढी साधी कल्पना, पण आजही संवेदनशीलता मोजायचं सर्वात खात्रीचं माप तेच मानलं जातं. या चाचणीत दिलेल्या ग्लुकोजपैकी साधारण ऐंशी टक्के एकाच ठिकाणी जातं, ते म्हणजे आपल्या हाडांना लगटलेले स्नायू. मांड्या, पोटऱ्या, पाठ, दंड. टाइप २ मधुमेहात मुख्यतः हेच घेणं मंदावतं.

स्नायूची पेशी ग्लुकोज आत कशी घेते हे एकदा तरी सावकाश पाहण्यासारखं आहे. इन्शुलिनचा रेणू साखरेला हात लावत नाही. तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या आपल्या ग्राहकाला जाऊन चिकटतो, एवढंच. त्या ग्राहकाचं टोक पेशीच्या आत असतं. ते जागं होतं आणि शेजारच्या आयआरएस-१ नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटचा कण चढवतं. तिथून संदेश पुढे सरकतो, एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, शेवटी एकेटी नावाच्या प्रथिनापर्यंत. पेशीच्या पोटात सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांच्या आवरणात ग्लूट-४ नावाचे साखरवाहक विसावलेले असतात. संदेश पोहोचला की त्या पिशव्या पृष्ठभागाकडे निघतात, पेशीच्या आवरणात मिसळून जातात, आणि ग्लूट-४ बाहेरच्या बाजूला उघडे होतात. आता कुठे ग्लुकोजला आत यायला मिळतं. हे सगळं मिनिटांत होतं. आपण जेवून हात धुतो, बडीशेप तोंडात टाकतो, तोवर मांड्यांमधल्या पेशीपेशीत ही हालचाल सुरू झालेली असते.

येल विद्यापीठात जेराल्ड शुलमन यांनी हे सगळं जिवंत माणसाच्या पोटरीत बाहेरून पाहिलं. स्नायूत सुई नाही, स्नायूचा तुकडा काढणं नाही. ग्लुकोजमध्ये कार्बनचा थोडा जड भाऊ, कार्बन-१३, घालायचा आणि माणसाचा पाय शक्तिशाली चुंबकाजवळ ठेवून त्या कार्बनचा चुंबकीय प्रतिसाद ऐकायचा. १९९०मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं, की मधुमेही स्नायूत ग्लुकोजपासून ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, तयार होण्याचा वेग निरोगी स्नायूच्या निम्म्याहूनही कमी असतो. अडथळा स्नायूतच होता. पण तो नेमका कोणत्या पायरीवर होता?

इथे चरबी गोष्टीत शिरते. केंब्रिजचे फिलिप रँडल यांनी १९६३ सालीच उंदरांच्या हृदयाच्या आणि श्वासपटलाच्या स्नायूंवर प्रयोग करून सांगितलं होतं, की स्नायूला जाळायला भरपूर मेदाम्लं, म्हणजे चरबीचे सुटे घटक, मिळाली की तो ग्लुकोज जाळणं कमी करतो. दोन इंधनं एकमेकांशी स्पर्धा करतात, हा त्यांचा सिद्धांत. त्यांच्या हिशोबाने तटणं पेशीच्या आत, ग्लुकोज जाळण्याच्या पायऱ्यांवर होतं. तसं असेल तर आधीच्या पायरीवरचा पदार्थ, ग्लुकोज-६-फॉस्फेट, पेशीत साठून वाढायला हवा. शुलमन आणि मायकेल रोडेन यांनी १९९६मध्ये हे माणसांवर तपासलं. निरोगी लोकांच्या रक्तात चरबीचं द्रावण सोडून मेदाम्लांचं प्रमाण वाढवलं आणि पायाच्या स्नायूतलं ग्लुकोज-६-फॉस्फेट चुंबकाने मोजत बसले. पहिले तीनेक तास स्नायू पूर्वीसारखंच ग्लुकोज घेत राहिला. मग ते घेणं घसरू लागलं आणि सहा तासांच्या अखेरीस निम्म्याच्या आसपास आलं. पण ग्लुकोज-६-फॉस्फेट वाढलं नाही, उलट कमी झालं. म्हणजे ग्लुकोज आत येऊन तुंबत नव्हतं, मुळात आतच येत नव्हतं. चरबीने इन्शुलिनचा संदेशच वाटेत अडवला होता.

एका निरोगी माणसाला सहा तासांत तात्पुरता का होईना इन्शुलिन-प्रतिरोध आणता येतो, तोही साखरेचा कणही न वाढवता, निव्वळ चरबीने! हा प्रयोग पहिल्यांदा वाचणाऱ्याने मधुमेहाबद्दलची आपली सगळी मांडणी नव्याने तपासावी, इतक्या ताकदीचा तो आहे.

हे अडवणं कसं होतं याबद्दल आज जी समजूत आहे ती अशी. स्नायूत शिरलेल्या मेदाम्लांना दोन वाटा असतात. मायटोकॉन्ड्रियात जाऊन जळायचं, नाहीतर थेंब होऊन साठायचं. आत येणारं मेदाम्ल या दोन्हींपेक्षा जास्त झालं, की मधल्या पायरीवरचे पदार्थ पेशीत रेंगाळतात. डायअॅसिलग्लिसेरॉल हा त्यातला एक, सेरामाइड हा दुसरा. डायअॅसिलग्लिसेरॉल एका विशिष्ट एन्झाइमला चेतवतं आणि त्यामुळे आयआरएस-१वर इन्शुलिनचा फॉस्फेट नीट चढू शकत नाही. सेरामाइड त्याच्याही पुढे, एकेटीपाशी आड येतं. या दोघांपैकी जास्त दोषी कोण, यावर संशोधकांत अजून वाद चालू आहे. पण साध्या, थेंबात बंद असलेल्या चरबीवर फारसं कोणी बोट ठेवत नाही. त्याला कारण धावपटू.

पिट्सबर्गमध्ये ब्रेट गुडपास्टर आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये लांब पल्ल्याचे खेळाडू आणि मधुमेही रुग्ण या दोघांच्याही मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले. दोघांच्या पेशींत चरबीचे थेंब सारखेच भरलेले होते. आणि खेळाडूंची इन्शुलिन-संवेदनशीलता उत्तम होती! खेळाडूच्या स्नायूत चरबी येते, थेंबात साठते, धावताना जळते, पुन्हा येते. ती सतत फिरती असते, म्हणून मधल्या पायरीवर काही रेंगाळत नाही. बैठ्या माणसाच्या स्नायूत ती येते आणि पडून राहते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही स्नायू जवळजवळ सारखे दिसावेत आणि वागणं मात्र दोन टोकांचं असावं, हे मला आजही चकित करतं.

आता पुन्हा सुरुवातीच्या कोड्याकडे जाऊ. स्नायूत चरबी जास्त होते, कारण ती दुसरीकडे मावत नाही. घरात कणगी असेल तर धान्य तिच्यात सुरक्षित राहतं. कणगी भरून वाहू लागली की तेच धान्य ओसरीवर सांडतं, ओलं होतं आणि कुजतं. त्वचेखालच्या चरबीच्या पेशी ही शरीराची कणगी. जेवणानंतर रक्तातून चरबी उचलायची, बंदोबस्तात ठेवायची, उपाशी असताना हळूहळू सोडायची, हे त्यांचं काम. त्या पुरेशा असतील आणि इन्शुलिनचं ऐकत असतील तर यकृत, स्नायू आणि स्वादुपिंड मोकळे राहतात.

यावर शंका असेल तर ज्यांच्याकडे ही कणगीच नाही अशांकडे पाहावं. लायपोडिस्ट्रॉफी नावाचा दुर्मीळ आजार असलेल्या काही माणसांच्या अंगावर जन्मापासून चरबी जवळजवळ नसते. हातापायाच्या शिरा आणि स्नायू कोरल्यासारखे दिसतात. अशा माणसाला मधुमेहाची भीती नसावी असं वाटेल. प्रत्यक्षात त्यांना अत्यंत तीव्र इन्शुलिन-प्रतिरोध आणि मधुमेह होतो, कारण खाल्लेली चरबी यकृतात आणि स्नायूत जाऊन बसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्क राइटमन यांच्या गटाने असेच चरबीशिवायचे उंदीर तयार केले. त्यांनाही मधुमेह झाला. मग सन २०००च्या सुमारास संशोधकांनी निरोगी उंदरांची चरबी शस्त्रक्रियेने त्यांच्या त्वचेखाली बसवली, आणि त्यांचा मधुमेह आवरला. चरबी घालून मधुमेह बरा झाला! त्यात चरबीतून निघणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचाही मोठा हात असतो हे पुढे स्पष्ट झालं. लायपोडिस्ट्रॉफीच्या रुग्णांना आज लेप्टिन औषध म्हणून दिलं जातं.

पायोग्लिटाझोनच्या घराण्याचा जन्म मात्र हे काहीही माहीत नसताना झाला. जपानच्या ताकेदा कंपनीतले रसायनतज्ज्ञ रक्तातली चरबी कमी करणाऱ्या क्लोफायब्रेटसारखी नवी द्रव्यं शोधत होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मधुमेही उंदरांवर चाचण्या करताना त्यातल्या एका द्रव्याने, सिग्लिटाझोनने, साखरही उतरवली. कशी, ते कोणालाच सांगता येईना. ते इन्शुलिन वाढवत नव्हतं. ज्याला स्वतःचं इन्शुलिन उरलेलं नाही अशा प्राण्यात ते कामही करत नव्हतं. इन्शुलिन आहे तेवढंच ठेवून त्याची धार वाढवणारं औषध तोवर जगाने नीटसं पाहिलं नव्हतं. त्याच घराण्यातून पुढे ट्रॉग्लिटाझोन, रोझिग्लिटाझोन आणि पायोग्लिटाझोन आली.

उत्तर आलं दुसऱ्याच दिशेने. बॉस्टनमध्ये ब्रूस स्पीगलमन आणि पीटर टोंटोनोझ हे चरबीची पेशी कशी जन्मते याचा अभ्यास करत होते. १९९४मध्ये त्यांनी दाखवलं, की पेशीकेंद्रातल्या पीपीएआर-गॅमा या प्रथिनाला जागं केलं तर साधी, अजून काहीच न झालेली पेशी चरबीच्या पेशीत बदलते. पुढच्याच वर्षी ग्लॅक्सोच्या संशोधकांना आढळलं, की ग्लिटाझोन औषधं नेमकी याच प्रथिनाला जाऊन बसतात. मधुमेहाचं औषध आणि चरबीच्या पेशीला जन्म देणारं प्रथिन एकमेकांसाठी बनल्यासारखी जुळली. स्नायूत हे प्रथिन अगदी थोडं असतं, चरबीत भरपूर. राइटमन यांच्या त्या चरबीशिवायच्या उंदरांना ट्रॉग्लिटाझोन दिलं तेव्हा त्यांचा मधुमेह काही हलला नाही. चरबीच नसेल तर हे औषध मधुमेहावर चालत नाही.

म्हणजे गोळी काम करते ते असं. ती पीपीएआर-गॅमाला जागं करते. ते डीएनएवर बसून शेकडो जनुकांची हालचाल बदलतं. त्वचेखाली नव्या, लहान, तरतरीत चरबीपेशी तयार होतात. त्या रक्तातली मेदाम्लं उचलून घेतात आणि घट्ट धरून ठेवतात. पोटाच्या आतली घातक चरबी कमी होते, मांड्या-नितंबांवरची वाढते. यकृतातली चरबी उतरते. अर्कान्सामधल्या लिटल रॉकच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५मध्ये साखर पचवण्याची क्षमता मंदावलेल्या लोकांपैकी काहींना पायोग्लिटाझोन आणि काहींना मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं दुसरं औषध देऊन दोन्ही औषधांची तुलना केली. दहा आठवड्यांनी पायोग्लिटाझोनवाल्यांची इन्शुलिन-संवेदनशीलता सुमारे दोन तृतीयांशाने वाढली होती, आणि स्नायूपेशींच्या आतली चरबी सुमारे एक तृतीयांशाने घटली होती. मेटफॉर्मिनवाल्यांत या दोन्ही गोष्टी झाल्या नाहीत. वजन वाढलं आणि स्नायू सडपातळ झाला. कणगी मोठी केली आणि ओसरी मोकळी झाली.

आणखी एक धागा यात गुंफलेला आहे. चरबीच्या पेशी अॅडिपोनेक्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. गंमत अशी, की माणूस जितका लठ्ठ तितकं ते कमी, कारण फुगलेल्या, त्रासलेल्या पेशी ते कमी बनवतात. ग्लिटाझोनने ते दुप्पट-तिप्पट होतं. अॅडिपोनेक्टिन स्नायूत पोहोचून एएमपीके नावाच्या एन्झाइमला जागं करतं. मायटोकॉन्ड्रियात मेदाम्ल घेणारं प्रथिन एरवी मॅलोनिल-कोए या छोट्या रेणूने दाबून ठेवलेलं असतं. डॅलसच्या डेनिस मॅकगॅरी आणि डॅनियल फॉस्टर यांनी हे १९७७मध्ये शोधलं. एएमपीके या रेणूचं उत्पादन थांबवतं, दाब उठतो, आणि स्नायूत अडून राहिलेली चरबी जळायला निघते. एकीकडे स्नायूकडे येणारी चरबी कमी, दुसरीकडे आलेली जास्त जळते. हे सगळं नव्या पेशी घडवून, जनुकं चालू करून होतं, म्हणून ग्लिटाझोनचा पुरता परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. चार दिवसांत साखर उतरली नाही म्हणून ही गोळी निरुपयोगी ठरवणाऱ्या रुग्णाला कोणीतरी हे सांगायला हवं.

याच मॅकगॅरींनी १९९२मध्ये एक लेख लिहिला, तो मला फार आवडतो. १८८९ साली स्ट्रासबर्गमध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याच्या लघवीत साखर सापडली. तिथून मधुमेहाचं सगळं विज्ञान साखरेभोवती फिरत राहिलं. मॅकगॅरींनी विचारलं: मिन्कोव्स्कींना चवच कळत नसती तर? लघवीचा गोडवा त्यांना समजला नसता, पण अॅसिटोनचा वास आला असता. अॅसिटोन येतं चरबीच्या ज्वलनातून. मग मधुमेह हा चरबीच्या चयापचयाचा आजार म्हणून ओळखला गेला असता, आणि इन्शुलिन-प्रतिरोधाकडे आपण कितीतरी आधी पोहोचलो असतो.

आपल्यासाठी या गोष्टीत एक पुण्याचा अध्याय आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला एक फोटो २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघेही दिसायला सडसडीत. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडच्या बारीक दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह का होतो, याचं उत्तर त्या फोटोत आहे. आणि हा फरक जन्माआधीच सुरू होतो. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची याज्ञिकांच्या गटाने इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. पुण्याची बाळं सरासरी २.७ किलोंची, तिकडची ३.५ किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव त्या मानाने लहान होते, पण अंगावरची चरबी फारशी कमी नव्हती. दक्षिण आशियाई माणसाची त्वचेखालची कणगी मुळातच लहान असते, ती तिकडच्या माणसापेक्षा कमी वजनाला भरते आणि चरबी लवकर यकृतात, स्नायूत सांडू लागते, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब सर्वेक्षणाने भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचं सांगितलं. त्यातले कितीतरी जण आरशात लठ्ठ दिसत नाहीत.

मेटफॉर्मिनबद्दल थोडंसं, कारण ते न घेणारा टाइप २ रुग्ण शोधावा लागेल. त्याचं मुख्य काम यकृतात आहे. रात्रभर यकृत जी साखर बनवत राहतं ती ते कमी करतं. स्नायूवरचा त्याचा परिणाम त्या मानाने लहान. अलीकडची जीएलपी-१ घराण्यातली इंजेक्शनं भूक कमी करून वजन उतरवतात आणि त्यामागून संवेदनशीलता सुधारते. म्हणजे ती कणगीतलं धान्य कमी करतात, ग्लिटाझोन कणगी मोठी करते. दोन उलट उपाय, आणि दोन्हींनी स्नायू मोकळा होतो.

पण या सुंदर यंत्रणेची किंमत आहे आणि ती लपवून चालणार नाही. ट्रॉग्लिटाझोन अमेरिकेत १९९७मध्ये आलं आणि यकृत निकामी होण्याच्या घटनांमुळे २०००मध्ये मागे घ्यावं लागलं. हृदयविकाराच्या भीतीपोटी रोझिग्लिटाझोनवर भारतात २०१०मध्ये बंदी आली. पायोग्लिटाझोनची विक्री मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून जून २०१३मध्ये थांबवली गेली आणि जुलैअखेर ठळक इशाऱ्यासह पुन्हा सुरू झाली. पीपीएआर-गॅमा मूत्रपिंडातही असतं, म्हणून शरीरात पाणी आणि मीठ धरून राहतं. पाय सुजतात आणि कमजोर हृदय त्या भाराने खचू शकतं. हाडांच्या मज्जेत जी पेशी हाड बनवू शकली असती ती चरबीची पेशी होते, म्हणून विशेषतः स्त्रियांत हाडं मोडण्याचा धोका वाढतो. याच गोळीची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. २०१६च्या आयरिस चाचणीत, पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटका येऊन गेलेल्या, मधुमेह नसलेल्या पण इन्शुलिन-प्रतिरोध असलेल्या लोकांत पायोग्लिटाझोनने पुढचा पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका २४ टक्क्यांनी कमी केला. माझं मत विचाराल तर हे औषध टाकून देण्यासारखं नाही आणि सरसकट वाटण्यासारखंही नाही. ते माणूस पाहून, कमी मात्रेत, हृदयाची आणि हाडांची चौकशी करून देण्याचं औषध आहे. तुम्ही ते घेत असाल तर स्वतःहून बंद करू नका. पण पायाला सूज आली, चालताना धाप लागू लागली किंवा लघवीत रक्त दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.

आणि एक गोष्ट गोळी घेणाऱ्या-न घेणाऱ्या सगळ्यांसाठी. ग्लूट-४ला पृष्ठभागावर आणण्याची स्नायूकडे दुसरीही एक सोय आहे, जिला इन्शुलिन लागतच नाही. स्नायू आखडला-सैलावला की आतली ऊर्जा खर्ची पडते, एएमपीके आणि त्याचे सोबती जागे होतात, आणि साखरवाहक इन्शुलिनचा संदेश नसतानाही वर येतात. मधुमेह्याच्या प्रतिरोधी स्नायूतही ही सोय शाबूत असते. शिवाय चालून झाल्यावर तो स्नायू साधारण एक ते तीन दिवस इन्शुलिनला जास्त दाद देत राहतो, मग तो परिणाम ओसरतो. म्हणूनच मधुमेहींसाठीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं.